चिनी मर्दनविद्येतील यिन आणि यांग

यिन आणि यांग हे शब्द कानी पडताच काहीतरी गूढ ऐकावयास मिळणार असे वाटते. त्यांचे मूळ मात्र अगदी साधे आहे. यिन म्हणजे डोंगराची सावलीतली बाजू, यांग म्हणजे उन्हातली. डोंगर एकच, आणि सूर्य कलला की सावलीची जागाही बदलते! शरीरात साठलेले हे दोन पदार्थ नव्हेत. एकाच वस्तूच्या, परस्परांच्या तुलनेने ठरणाऱ्या या दोन बाजू होत.

'ह्वांगदी नेइजिंग' हा चिनी वैद्यकाचा सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा ग्रंथ. मर्दनाचा उगम त्यात मध्यवर्ती सपाट प्रदेशात सांगितला आहे. का? तर तेथील लोक नाना प्रकारचे अन्न खातात आणि कष्ट करीत नाहीत! आम्हां शहरवासीयांनी यावर फार हसू नये.

याच ग्रंथात पाठ यांग आणि पोट यिन मानले आहे. शेतात ओणवे होऊन राबणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा; ऊन पाठीवर पडते, पोट सावलीत राहते.

मालीश करणाऱ्याला खरा उपयोग पुढेच आहे. दुखरी जागा दाबताच रोगी हात झिडकारतो, की "आणखी दाबा" म्हणतो? पहिले दुखणे आधिक्याचे, यांगाकडे झुकणारे. दुसरे उणेपणाचे, यिनाकडे झुकणारे. पहिल्याला 'श्ये', म्हणजे निचरा. त्यासाठी हात जोरकस आणि जलद. दुसऱ्याला 'बू', म्हणजे भरणी. त्यासाठी हात हलका, सावकाश, पुष्कळ वेळ चालणारा. मग जेथे दाब सोसत नाही तेथेच जोर करावयाचा काय? नाही. जाणता हात ती जागा सोडून त्याच वाहिनीवरच्या दूरच्या जागी काम करतो. अशक्त म्हाताऱ्याच्या पाठीवर पहिलवानी जोर लावणाऱ्यास मात्र यातले काहीच कळलेले नसते.

या वाहिन्या शवविच्छेदनात सापडलेल्या नाहीत, यिन-यांग मोजण्याचे यंत्रही नाही. म्हणून आम्ही या भाषेस शरीररचनाशास्त्र मानीत नाही. हात लावण्यापूर्वी विचारपूस करण्याची ती एक शिस्त आहे, एवढेच मानतो. हा भेद जीवनमरणाचा ठरू शकतो. एकच पोटरी अकस्मात सुजली, गरम झाली, दुखू लागली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तिला 'आधिक्य' समजून रगडले आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर प्राणावर बेतते. तेथे निचरा नको, भरणीही नको. हात मागे घ्यावा आणि रोग्याला तत्काळ डॉक्टरकडे पाठवावे.