औषधाचा कागद लपवू नये
कोडोली येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण



कर्करोगाचे नाव आपल्या घरांत अद्यापि दबल्या आवाजात घेतले जाते. मुलामुलींच्या सोयरिकी मोडतील या भयाने आपण ते गावच्या डॉक्टरांपासूनही लपवितो. हे लपविणे आता प्राणांवर बेतू शकते, एवढेच सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

देहात रोगाशी झुंजणाऱ्या पेशी असतात. त्यांनी स्वकीयांवर हात उचलू नये म्हणून निसर्गाने त्यांस लगाम घातला आहे. कर्करोग त्या लगामाच्याच आडोशाने वाढतो. तो लगाम सैल करण्याच्या उपचाराचा मार्ग दाखविल्याबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होन्जो यांस २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे फार महाग. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या कर्करोगात निव्होलुमॅब हे औषध अवघ्या २० मिलिग्रॅम मात्रेत, दर तीन आठवड्यांनी, इतर औषधांच्या जोडीने दिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण शेकडा १६ वरून ४३ वर गेले.

तथापि लगाम सुटलेल्या पेशी क्वचित हृदयाच्या स्नायूवरच तुटून पडतात व त्यास दाह होतो. शंभरांत जेमतेम एखाद्यास, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. परंतु ज्यांस होतो त्यांतील चौघांपैकी निदान एक दगावतो. दम लागणे, छातीत दुखणे, धडधड, पायांस सूज, विलक्षण थकवा, पापण्या जड होऊन मिटणे, ही त्याची लक्षणे होत. मात्रा अल्प म्हणून दक्षताही अल्प, असे मानू नये.

रुग्ण मुंबईस औषध घेऊन कोडोलीस परततो. पंधरवड्याने मध्यरात्री दम लागतो. मुंबई दूर, गावचे डॉक्टर जवळ, आणि त्यांस आपण सांगतो, "पित्त झाले असेल!" औषधाचे नाव कळले, तर ते तत्काळ ईसीजी काढतील, रक्तातील ट्रोपोनिन तपासावयास लावतील, कोल्हापुरास धाडतील, पुढील मात्रा थांबवून स्टिरॉइड वेळेवर सुरू होतील. न कळले, तर मोलाचे तास वाया जातील.

यास्तव आमची हात जोडून विनंती आहे. भिऊन उपचार सोडू नका. औषधाचा कागद रुग्णाच्या उशाशी ठेवा, घरातील प्रत्येकास तो ठाऊक असू द्या, आणि डॉक्टरांपुढे तो प्रथम ठेवा. सोयरीक दुसरी जुळेल. गेलेला माणूस परत येणार नाही.