परसबागेसाठी टिकाऊ तुषार तोटी कशी निवडावी?

(नवलाख उंबरे, ता. मावळ, जि. पुणे येथे परसबाग करणाऱ्या शेतकरी कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्याशी एका लहानशा वस्तूबद्दल बोलायचे आहे. वस्तू तळहातावर मावेल एवढी. पण ती चुकीची निघाली की परसातली मेथी-कोथिंबीर चैत्र लागता लागताच मान टाकते. ही वस्तू म्हणजे तुषार तोटी, जिला आपण सगळे स्प्रिंकलर म्हणतो.

मावळात पाण्याचे गणित मोठे विचित्र आहे. पावसाळ्यात खाचरात पाणी मावत नाही. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला आपला इंद्रायणी भात याच पावसावर पोसला जातो. दिवाळी झाली की मात्र परसातल्या प्रत्येक वाफ्याला पाणी हाताने द्यावे लागते. त्यात या बाजूला औद्योगिक क्षेत्र आले, पुष्कळ घरांची जमीन कमी झाली आणि घरामागे अर्धा-एक गुंठाच उरला. त्या गुंठ्यावर घरची भाजी निघते आणि तो बहुधा घरातल्या बायकाच सांभाळतात. म्हणून भगिनींनी आजचे बोलणे थोडे जास्त लक्ष देऊन ऐकावे.

आम्हाला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा: "साहेब, पितळेची घेऊ की प्लॅस्टिकची?" यावर माझा उलट प्रश्न असतो, "तुमची पाण्याची टाकी किती उंच आहे?" विचारणाऱ्याला वाटते, साहेबांनी विषय बदलला. पण विषय तोच आहे. तोटी लवकर बिघडली अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांची तोटी बिघडलेलीच नसते. तिला लागणारा दाबच तिला कधी मिळालेला नसतो.

माझीच फजिती सांगतो. पूर्वी मी हौसेने हातोडीची पितळी तोटी आणली आणि गच्चीवरच्या टाकीच्या नळाला जोडली. ती फिरेना. एकाच दिशेने पाण्याची धार सोडत उभी राहिली. आतील स्प्रिंग कडक असेल म्हणून मी ती पक्कडीने सैल केली, आणि चांगली तोटी माझ्या हातानेच कायमची बिघडवली. दोष तोटीचा नव्हता, माझ्या टाकीच्या उंचीचा होता.

हिशेब सोपा आहे. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब. आपल्या स्लॅबच्या घरावरची टाकी जमिनीपासून फार तर १५ फूट, म्हणजे साडेचार मीटर उंच असते. म्हणजे दाब अर्ध्या किलोच्याही आत. हातोडीच्या लहान तोटीला नीट फिरण्यासाठी दीड ते दोन किलो दाब लागतो. दोन किलो म्हणजे २० मीटर उंची, सहा मजली इमारतीएवढी! परसात सूक्ष्म तुषार लावले तरी त्यांना एक किलोच्या आसपास दाब हवाच. म्हणून ज्यांच्याकडे केवळ गच्चीवरची टाकी आहे आणि मोटार लावण्याची सोय नाही, त्यांनी तुषार तोटी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानदार काहीही सांगो. त्यांनी नळीला झारीचे तोंड बसवावे किंवा कमी दाबावर चालणारे ठिबक करावे.

काही जण म्हणतात, शेजारच्या फुलशेतीच्या हरितगृहांत तर तुषार आणि फॉगर चालतात, मग आमच्याकडे का नाही? तेथे मोटार, फिल्टर आणि दाब दाखवणारे घड्याळ एकत्र असते. आपण त्यातली फक्त तोटी उचलून आणतो.

आता ज्यांच्याकडे विहिरीवर, बोअरवर किंवा खालच्या टाकीवर अर्ध्या अश्वशक्तीची मोटार आहे, त्यांच्याकडे वळू. (ग्रामपंचायतीच्या नळाला मोटार लावू नये. शेजारच्या घरात त्या वेळी थेंब येत नाही, हे आपण सगळे जाणतो.) येथे अडचण उलट असते. एका लहान तोटीला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी मोटार देते. मग दाब नको तेवढा वाढतो, पाण्याचे धुके होते, ते वाऱ्याबरोबर जाते आणि हातोडी इतक्या जोरात आपटते की एका हंगामात खिळखिळी होते. यासाठी मोटारीजवळ टी बसवून, जादा पाणी कॉकमधून पुन्हा टाकीत सोडावे. कॉक फिरवत तोटी शांतपणे, एका लयीत टक्-टक् वाजू लागली की दाब जमला. धार न फुटता दूरवर एकच ओले कडे पडत असेल आणि मधली जमीन कोरडी राहत असेल, तर दाब कमी आहे असे समजावे.

दाब वाटेतही गळतो. अर्ध्या इंची नळी ३० मीटर लांब टाकली आणि तिच्यातून मिनिटाला ८ लिटर पाणी नेले, तर सुमारे ४ मीटर उंचीचा दाब नळीच्या घर्षणातच जातो. तीच नळी पाऊण इंची घेतली तर हे नुकसान अर्ध्या मीटरवर येते. महागडी तोटी आणि स्वस्त बारीक नळी ही जोडी मी घरोघरी पाहतो. पैसे वाचवायचेच असतील तर तोटीवर वाचवा, नळीवर नको.

किती मोठी तोटी घ्यावी? उन्हाळ्यात भाजीपाल्याला रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी धरावे. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणजे रोज सुमारे ५०० लिटर. नोझलचे भोक ३ मिलिमीटर असेल तर दोन किलो दाबावर तासाला सुमारे ४८० लिटर पाणी पडते. म्हणजे तासाभराचे काम! पण थांबा. अशी तोटी साधारण ८ मीटरपर्यंत पाणी फेकते. तिचे पूर्ण वर्तुळ होते २०० चौरस मीटरचे, म्हणजे दोन गुंठ्यांचे. तुमचा गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट. मधोमध लावली तर निम्मे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर. म्हणून तोटी परसाच्या कोपऱ्यात लावावी आणि ती पाव वर्तुळात फिरवावी. मग ती अर्धा गुंठा भिजवते, तेही अर्ध्या तासात. नंतर ती समोरच्या तिरप्या कोपऱ्यात नेऊन पुन्हा अर्धा तास चालवावी. मात्र यासाठी विकत घेतानाच पाव व अर्ध्या वर्तुळात फिरणारी तोटी मागून घ्यावी. तिच्यात काही भाग जास्त असतात, त्यामुळे ती थोडी जास्त देखभाल मागते.

आता दुकानात जाऊ. हातोडीची ही तोटी मूळची कॅलिफोर्नियातली. ग्लेंडोरा गावच्या ऑर्टन एंगलहार्ट या संत्रा-लिंबाच्या बागायतदाराने ती बनवली आणि १९३५ साली तिचे पेटंट मिळाले. इतक्या वर्षांत तिची मूळ रचना फारशी बदललेली नाही, याचे कारण तिचे मोजकेच भाग झिजतात आणि तेही बदलता येतात. म्हणून पहिली चौकशी हीच करावी की हिचे वॉशर, स्प्रिंग आणि नोझल सुटे मिळतात का? मिळत नसतील तर ती कितीही चकचकीत असो, परत ठेवावी.

पिवळी दिसते म्हणून ती पितळी असे समजू नये. जस्ताच्या ओतीव तोटीवर पिवळा मुलामा दिलेला असतो. दुकानदाराची परवानगी घेऊन आट्याच्या आतल्या बाजूला चाकूने बारीकसा ओरखडा काढावा. पितळ आतूनही पिवळेच दिसते, जस्त पांढुरके दिसते. हातात घेतल्यावर वजनानेही फरक कळतो. लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका. पितळ आणि जस्त दोन्हींना तो चिकटत नाही, आणि चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या स्प्रिंगलाही तो कधी कधी थोडा चिकटतो. स्प्रिंग आणि तिची पिन स्टेनलेस स्टीलची आहे असे पावतीवर लिहून घ्यावे. फिरत्या तोट्यांसाठी आयएस १२२३२ हे भारतीय मानक आहे, त्याप्रमाणे शिक्का आहे का तेही पाहावे.

प्लॅस्टिकला नावे ठेवण्याचे कारण नाही. अ‍ॅसिटल या कडक प्लॅस्टिकची चांगली तोटी पितळेइतकीच काम देते, शिवाय चोरीला जात नाही! पुनर्वापराच्या प्लॅस्टिकची मात्र उन्हाने तडकते. नखाने दाबल्यावर कडा वाकत असेल किंवा जोडावर खडबडीत रेघ असेल तर ती घेऊ नये. जोडणी करताना पितळी आटे पीव्हीसीच्या सॉकेटमध्ये पान्याने आवळू नयेत, सॉकेट फुटतो. पितळी आट्याचा एल्बो घ्यावा, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी, हाताने घट्ट करून वर अर्धा वेढा पुरे.

वापरात तोटीचा खरा शत्रू रेती. फिरणाऱ्या भागातील वॉशर रेतीनेच झिजतात. मोटारीच्या पुढे जाळीचा फिल्टर बसवावा आणि आठवड्याला धुवावा. तोटी फिरेनाशी झाली की तिला तेल किंवा ग्रीस लावण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण तेलाला रेती चिकटते आणि झीज वाढते. या तोटीला वंगण पाण्याचेच. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर नोझलमध्ये बसला तर ते काढून लिंबाच्या पाण्यात रात्रभर ठेवावे आणि लाकडी काडीने साफ करावे. तार किंवा दाभण घालू नये. ३ मिलिमीटरचे भोक साडेतीन झाले तर पाणी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढते आणि फेक बिघडते. वर्षातून एकदा ३ मिलिमीटर ड्रिलची गुळगुळीत मागची बाजू भोकात घालून पाहावी. ती सैल हलली की नोझल बदलावे, तोटी नव्हे.

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, कांदा, लसूण यांना तुषार मानवतात. टोमॅटोला शक्यतो नकोत, पाने ओली राहून करपा येतो. पाणी सकाळी लवकर द्यावे. दुपारी आपल्याकडे वारा सुटतो.

आणि भाताच्या लावणीची धांदल सुरू होण्यापूर्वी तोटी काढून, धुऊन, कापडात गुंडाळून फडताळात ठेवावी. उभ्या नळीच्या तोंडावर टोपण बसवावे. टोपण नसले तर कुंभारीण माशी आत मातीचे घर करते, आणि दिवाळीनंतर पहिल्याच दिवशी मोटार सुरू केली की ती सगळी माती नोझलमध्ये येऊन बसते.