जामीन कोण राहणार? लंडनमधील विद्यार्थ्याचे बिऱ्हाड



शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या मुलाच्या निवासाची चिंता समाजाने फार पूर्वीच आपल्या शिरावर घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या औदार्याने मुंबई, कोल्हापूर येथे जैन बोर्डिंगे उभी राहिली. मुलगा बोर्डिंगात पोहोचला की आईवडील निश्चिंत होत. आज मुलगा, आणि तितक्याच धैर्याने मुलगीही, लंडनला निघते तेव्हा प्रवेशपत्र हाती असते, व्हिसा असतो. पण उतरायचे कोठे, हा प्रश्न विमानाचे तिकीट काढेपर्यंत लोंबकळत राहतो.

हा प्रश्न नवा नाही. १८८८ मध्ये मोहनदास गांधी विलायतेला निघाले, तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून मद्य, मांस व परस्त्री वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा करवून घेतली आणि मगच मातेने अनुमती दिली. लंडनमध्ये ज्या विधवा बाईंच्या घरी ते राहू लागले, त्या बाईंना या पाहुण्याला काय वाढावे हेच कळेना. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडले. कालांतराने त्यांनी स्वतंत्र खोली घेऊन स्टोव्हवर सकाळची ओटची लापशी शिजवण्यास प्रारंभ केला. व्रत पाळायचे तर चूल आपली हवी, हे त्यांच्या अनुभवाचे सार आजच्या विद्यार्थ्यालाही जसेच्या तसे लागू पडते.

आता निवासाचे प्रकार पाहू. पहिला विद्यापीठाचे वसतिगृह, दुसरा खाजगी कंपन्यांनी विद्यार्थ्यांसाठीच बांधलेल्या इमारती, तिसरा चार-पाच जणांनी मिळून भाड्याने घेतलेले घर. पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी मुदतीत अर्ज करणे सर्वांत सुरक्षित. भाडे थोडे अधिक वाटले तरी हरकत नाही. मात्र तेथे बहुधा पाच-सहा खोल्यांना मिळून एक स्वयंपाकघर असते. तवा, पातेली आपली स्वतंत्र ठेवता येतात. शेजारच्या शेगडीवर काय शिजेल, यावर मात्र आपला अधिकार नसतो. स्वतंत्र चूल असलेली खोली मिळते, पण ती बरीच महाग. चौविहार पाळणाऱ्याने खोलीपासून विद्यापीठाचे अंतर अवश्य पाहावे, कारण डिसेंबरात लंडनचा सूर्य चार वाजण्यापूर्वीच मावळतो आणि तास त्यानंतरही चालतात. तेथे डबाच कामी येतो. आणि फोडणी बेताने घालावी! धुराने घंटा वाजली की सारी इमारत रस्त्यावर येऊन उभी राहते आणि आपल्या मोहरीची कीर्ती सर्वदूर पसरते.

खरी अडचण तिसऱ्या प्रकारात आहे. घरमालक ब्रिटनमध्येच राहणारा जामीनदार मागतो. पित्याची येथील पेढी कितीही मोठी असो, तिचा तेथे उपयोग नसतो. पूर्वी यावर सहा महिन्यांचे, क्वचित वर्षाचे भाडे आगाऊ भरून मार्ग काढला जाई. इंग्लंडच्या २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने १ मे २०२६ पासून खाजगी घरांच्या बाबतीत एका महिन्याहून अधिक आगाऊ भाडे मागण्यास मनाई केली आहे. विद्यार्थ्यांसाठीच बांधलेल्या, मान्यताप्राप्त आचारसंहितेत सामील असलेल्या इमारतींना हे नियम तसेच लागू नाहीत. भाडेकरूच्या हिताचाच हा कायदा; पण पैशाचा मार्ग बंद झाल्यावर जामीनदाराचा आग्रह वाढणार, हे व्यापारी समाजाला वेगळे सांगायला नको.

मग वेंब्लीत किंवा हॅरोत राहणाऱ्या एखाद्या मामांना, आत्यांना दूरध्वनी जातो. संकोचाने ते नाही म्हणत नाहीत. येथेच सावध व्हावे. चार मुलांनी मिळून एकच करार केला असेल, तर कायद्याने प्रत्येक जण संपूर्ण भाड्याला जबाबदार धरला जातो. जामीनपत्रात मर्यादा घातली नसेल, तर मामांची सही भाच्याच्या खोलीपुरती न राहता साऱ्या घराच्या भाड्याला आणि नुकसानीलाही बांधली जाऊ शकते. तिऱ्हाईत मुलगा शिक्षण सोडून निघून गेला आणि त्याचे भाडे थकले, तर वसुलीचे पत्र मामांच्या दारात येईल. म्हणून ‘केवळ या विद्यार्थ्याच्या हिश्श्यापुरते’ असे शब्द जामीनपत्रात लेखी घालून घ्यावेत. घरमालक मान्य करीत नसेल, तर ते घर सोडावे. काही विद्यापीठे स्वतः विद्यार्थ्याला जामीन राहण्याची योजना चालवतात, शुल्क घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्याही आहेत. नातेवाइकांना भीड घालण्यापूर्वी विद्यापीठाच्या निवास कार्यालयाला पत्र लिहावे.

घर पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. सुंदर छायाचित्रे, स्वस्त भाडे, मालक ‘परदेशी’ आणि आजच्या आज रक्कम पाठवण्याची घाई, ही फसवणुकीची ओळखीची लक्षणे. स्वतः जाणे अशक्य असेल, तर तेथील परिचिताने दार उघडून आत पाहून यावे; मामांकडे मागायचेच असेल, तर सहीपेक्षा ही एक फेरी मागावी. सर्वसाधारण भाडेकरारात घर राखून ठेवण्यासाठी एका आठवड्याच्या भाड्याहून अधिक रक्कम घेता येत नाही. वार्षिक भाडे ५०,००० पौंडांच्या आत असल्यास अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापुरतीच मर्यादित आहे आणि ती ३० दिवसांत शासनमान्य योजनेत जमा वा सुरक्षित करावी लागते. तिचा दाखला मागून घ्यावा. खोलीत पाऊल ठेवल्या दिवशीच भिंती, गादी, शेगडी यांची छायाचित्रे काढून मालकाला पाठवावीत. वर्षअखेरीस अनामत परत मागताना तीच कामी येतात.