डिझेलमधलं गंधक गेलं, जुन्या गाडीचं काय झालं?



महाड आणि पोलादपूर ही दोन्ही गावं मुंबई-गोवा महामार्गावरची. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांची चूल डिझेलवर चालते. कोणाची मिनीडोर बिरवाडीच्या फेऱ्या मारते, कोणाचा जुना ट्रॅक्स पोलादपूरहून वरच्या वाड्यांना माणसं आणि तांदळाची पोती पोचवतो, कोणाचा टेम्पो एमआयडीसीत लागलेला आहे. या जुन्या गाड्या चालवणाऱ्यांची एक तक्रार सगळीकडे ऐकू येते : "पूर्वीचं डिझेल राहिलं नाही. त्यातलं गंधक काढलं आणि आता ते पंप खातं." ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धंच. इंजिनला डिझेल पुरवणारा हा पंप खाणारे खरे गुन्हेगार दुसरेच आहेत.

आधी गंधक किती होतं ते पाहू. 1996 पर्यंत आपल्याकडे डिझेलमध्ये वजनाच्या एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. शंभर लिटर डिझेलचं वजन साधारण 83 किलो. म्हणजे त्यात पाऊण किलोहून जास्त गंधक असू शकत होतं. 2000 साली ही मर्यादा पाव टक्क्यावर आली, 2010 मध्ये 350 पीपीएमवर (म्हणजे दहा लाख भागांत 350 भाग), 2017 मध्ये 50 वर आणि 1 एप्रिल 2020 पासून देशभर 10 पीपीएमवर. त्याच शंभर लिटरमध्ये आज एक ग्रॅमसुद्धा गंधक नसतं. शेवटचा बदल झाला तेव्हा टाळेबंदी होती, गाड्या दारात उभ्या होत्या. त्या पुन्हा रस्त्यावर आल्या तेव्हा टाकीत वेगळं डिझेल पडू लागलं होतं.

गंधक काढण्यासाठी रिफायनरीत डिझेलवर मोठ्या दाबाखाली आणि उष्णतेत हायड्रोजनची प्रक्रिया करतात. गंधक निघतं, पण त्याबरोबर नायट्रोजन आणि ऑक्सिजनची काही संयुगंही निघून जातात. धातूच्या पृष्ठभागाला चिकटून झीज थोपवत होती ती ही संयुगं. गंधक हेच वंगण, हा समज म्हणूनच चुकीचा. गंधक गेल्याने पंप कोरडा पडत नाही. गंधकासोबत जे गेलं त्याने पडतो.

जरा पंपाच्या आत शिरू. मिस्त्री ज्याला एलिमेंट म्हणतात तो प्लंजर आणि त्याचं बॅरल, यांच्यामधली फट दोन-चार मायक्रॉनची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्या फटीत दुसरं कुठलं ऑइल घालायला जागाच नाही. तिथलं वंगण म्हणजे खुद्द डिझेल. इनलाइन पंपात निदान खालच्या कॅमशाफ्टला इंजिन ऑइल मिळतं. रोटरी पंपाचा मात्र आतला प्रत्येक हलणारा भाग डिझेलच्याच भरवशावर असतो. म्हणून डिझेल कोरडं पडलं की आधी मार बसतो तो रोटरीला. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्वीडनमध्ये अगदी कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा नेमकं हेच झालं. काही हजार किलोमीटरांत रोटरी पंप जाऊ लागले. तक्रारीतला खरा भाग तो हाच.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. त्या अनुभवानंतर कमी गंधकाच्या डिझेलमध्ये वंगणगुण परत आणणारं रसायन मिसळू लागले आणि त्याची परीक्षाही ठरली. सहा मिलिमीटरची पोलादी गोळी पोलादी चकतीवर, 60 अंश तापलेल्या डिझेलमध्ये बुडवून, 75 मिनिटं घासतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली गोळीवर पडलेला व्रण मोजतात. तो 460 मायक्रॉनपेक्षा मोठा निघाला तर ते डिझेल नापास. आपल्या भारतीय मानकातही हीच मर्यादा आहे. तेव्हा पेट्रोल पंपावर मिळणारं शुद्ध डिझेल कोरडं नाही. त्यात टू-टी ऑइल ओतायची गरज नाही. आणि जळकं इंजिन ऑइल कापडातून गाळून टाकीत घालण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती तर पंपाच्या मुळावर उठणारी. कापडातून कचरा अडतो, धातूची भुकटी अडत नाही.

दुसरी अडचण रबराची. ती खरी आहे, पण एकदाच येते. जुन्या ओ-रिंग नायट्राइल रबराच्या. जुन्या डिझेलमधली अरोमॅटिक द्रव्यं शोषून त्या फुगलेल्या असतात आणि त्या फुगण्यावरच त्यांची पकड असते. नव्या डिझेलमध्ये ही द्रव्यं कमी झाली की रिंग आकसते, आणि वयाने कडक झालेली असेल तर गळते. अमेरिकेत ऑक्टोबर 1993 मध्ये डिझेलचं गंधक उतरवलं तेव्हा असंख्य जुन्या गाड्यांचे पंप असेच गळू लागले होते. गळतीतून हवा आत शिरते, सकाळी गाडी एअर पकडते, आणि आपण म्हणतो डिझेलला दम नाही. सीलचा संच एकदा बदला, व्हायटॉनच्या रिंग मिळाल्या तर त्या घाला. ही तक्रार तिथेच संपते.

मग पंप खातं कोण? एक, रॉकेल आणि सॉल्व्हंटची भेसळ. रॉकेल पातळ, त्याचा वंगणगुण डिझेलहून बराच कमी. कशेडी किंवा आंबेनळीचा चढ भरल्या गाडीने चढताना पंप तापतो, डिझेल आणखी पातळ होतं. त्यात भेसळ असेल तर एलिमेंट ओरखडलंच म्हणून समजा. भेसळीचा हा धंदा किती क्रूर आहे हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ भेसळखोरांनी जिवंत जाळलं. आपण 'चार रुपये स्वस्त' म्हणून कुठूनही कॅन भरून घेतो, तेव्हा याच धंद्याला पैसा पुरवतो.

दोन, पाणी. जुलै 2021 च्या पुरात महाड बुडालं, तेव्हा गाड्याही बुडाल्या. डिझेलच्या टाकीत गेलेलं पाणी तळाशी बसतं आणि आतून गंज धरवतं. नवं डिझेल येऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. पुरातून निघालेल्या गाडीचा पंप पुढे गेला असेल, तर डिझेलला बोल लावण्याआधी टाकीचा तळ पाहायला हवा.

गंधक जाण्याचा लाभ मात्र जुन्या गाडीलाही आहे, आणि तो कोणी सांगत नाही. जळालेल्या गंधकाचा ओलाव्याशी संयोग होऊन गंधकाम्ल बनतं. ते लायनर आणि रिंग खातं, इंजिन ऑइल लवकर नासवतं. मिनीडोरसारख्या गाडीला याचा त्रास जास्त, कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. ते आम्ल आता नावापुरतं उरलं. धुरातले गंधकाचे कणही गेले. स्टँडवर दिवसभर उभा असणारा कंट्रोलर, चहावाला, शाळेची मुलं, सगळ्यांच्या छातीतून एवढं विष कमी झालं. यासाठी लिटरमागे एखाद्या टक्क्याने शक्ती कमी भरत असेल, तर तो सौदा मला मान्य आहे.

तुम्हाला विनंती एवढीच. डिझेल भरताना घनता तपासून मागा. तो तुमचा हक्क आहे. पंपावर काचेचं भांडं, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर असतात. 15 अंशाला बेतलेली घनता नोंदीतल्या आकड्यापेक्षा घनमीटरला 3 किलोहून जास्त फरकाची निघाली, तर ते डिझेल घेऊ नका आणि लेखी तक्रार करा. गाडीवाल्यांच्या संघटनेने हे एकत्र केलं, तर मिस्त्रीकडे उघडून पडणारे पंप निम्म्यावर येतील, असा माझा विश्वास आहे.