रेल्वेचे बिनतारी संभाषण आणि शाळेचा रेडिओ

(प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



परभणी जंक्शनच्या फलाटावर गाडी येऊन थांबली की मुलांची दृष्टी इंजिनावरून हळूच गाडीच्या शेवटच्या डब्याकडे वळते. तेथे गार्ड उभा असतो. रेल्वेने २०२२ मध्ये या पदास ‘ट्रेन मॅनेजर’ असे नवे नाव दिले, परंतु लोकांच्या तोंडी तो गार्डच आहे. त्याच्या हातातील लहानशा काळ्या यंत्रातून खरखरीत आवाजात काही शब्द येतात, तो त्यांस उत्तर देतो आणि थोड्याच वेळात गाडी हलते. हे बोलणे घरच्या रेडिओवर का लागत नाही, आणि ते लागावे यासाठी कोणता रेडिओ घ्यावा, हा प्रश्न चौकस मुलगा विचारल्यावाचून राहत नाही. सेलू, मानवत रोड, गंगाखेड, पूर्णा या रेल्वेकाठच्या ठिकाणी शिक्षकांस तो केव्हा तरी ऐकावा लागणारच. मुलास गप्प बसविणे सोपे असते, पण त्या प्रश्नात पदार्थविज्ञान, नागरिकशास्त्र आणि माणसांच्या जिवाची काळजी ही तिन्ही एकत्र आलेली आहेत. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे.

पूर्वी गार्ड आणि ड्रायव्हर यांच्यात संभाषण होई ते हिरव्या व तांबड्या निशाणाने, रात्री कंदिलाने आणि शिट्टीने. दोन स्थानकांच्या दरम्यान गाडी अडकली, तर तिच्या रक्षणासाठी रुळांवर पटाखे लावावे लागत. ब्रॉडगेज मार्गावर ६०० मीटरांवर एक आणि १२०० मीटरांवर, दहा दहा मीटरांच्या अंतराने तीन, असा नियम. दुसऱ्या गाडीचे चाक त्यावरून गेले की स्फोटाचा आवाज होई आणि ड्रायव्हर सावध होई. अंधारात, पावसात, खडीवरून बाराशे मीटर चालत जाणे म्हणजे काय हे ज्याने चालून पाहिले असेल त्यालाच समजेल. हा नियम आजही आहे. परंतु धोक्याची वार्ता आता माणसाच्या पावलांच्या आधी पोहोचू शकते, ती या वॉकी-टॉकीमुळे.

वेळेचे हे मोल किती आहे? २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्नाजवळ एका गाडीचे डबे घसरून शेजारच्या रुळांवर आले, आणि थोड्याच वेळात त्या रुळांवरून येणारी दुसरी गाडी त्यांवर आदळली. दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. परभणी ते मुदखेड मार्ग आता दुहेरी झालेला आहे. एका रुळावरील संकटाची खबर शेजारच्या रुळावरील ड्रायव्हरला क्षणात मिळणे हे येथेही तितकेच अगत्याचे आहे.

आता रेडिओचा प्रश्न. घरगुती संचावर मध्यम लहरींचा पट्टा साधारणतः ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत असतो, आणि एफ.एम.चा पट्टा ८७.५ पासून १०८ मेगाहर्ट्झपर्यंत. रेल्वेची वॉकी-टॉकी साधारणतः १५० मेगाहर्ट्झच्या पलीकडे बोलते. म्हणजे घरच्या रेडिओचा काटा जेथे संपतो, त्याच्या पुष्कळ पुढे हे संभाषण चाललेले असते. शिवाय या लहरी प्रकाशासारख्या बहुतेक सरळ रेषेत जातात आणि हातातील संचाची शक्ती अवघी पाच वॅटच्या आसपास असते. त्यामुळे ते बोलणे काही किलोमीटरांच्या पुढे ऐकू येत नाही.

अमेरिकेत रेल्वेचे असे संभाषण ऐकण्याचा छंद अनेकांस आहे. तेथील रेल्वे १६० व १६१ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात आणि स्कॅनर नावाच्या संचावर ते ऐकण्यास तेथे सामान्यतः मनाई नाही. ब्रिटनमध्ये मात्र आपल्यासाठी नसलेले संदेश ऐकणे कायद्याने निषिद्ध आहे. भारतात कायदा त्याहूनही कडक आहे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने असा संच परवान्यावाचून नुसता जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरणे बाळगण्यास अधिकृत परवानगीची अट कायम ठेवली आहे. आकाशवाणी ऐकण्याच्या साध्या संचालाही एके काळी परवाना लागे. टपाल कचेरीत वर्षाचे पैसे भरून ते पुस्तक जपून ठेवणारे आजोबा अजूनही काही घरांत असतील. ती अट १९८० च्या दशकात गेली. परंतु ती केवळ प्रसारण ऐकण्याच्या संचापुरतीच गेली, हे ध्यानात असावे.

कायद्यापेक्षाही एक कारण मुलांस अधिक पटेल. स्वस्तात मिळणारे बहुतेक हातसंच नुसते ऐकत नाहीत, त्यांना बोलण्याचे बटणही असते. एका वारंवारतेवर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. एफ.एम. पद्धतीत दोन संदेश एकत्र आले तर बलवान संदेश दुर्बलास झाकून टाकतो. रुळाशेजारी राहणाऱ्या मुलाने गंमत म्हणून बटण दाबून धरले आणि त्याच क्षणी दूरचा गार्ड ‘गाडी थांबवा’ असे सांगत असला, तर ते शब्द कोणाच्याच कानी पडणार नाहीत. हे फळ्यावर दोन वर्तुळे काढून पाच मिनिटांत समजावता येते. कलमांच्या आकड्यांनी जे साधत नाही ते या एका चित्राने साधते. अशा संचांची इंटरनेटवरून होणारी बेकायदेशीर विक्री रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, हेही पालकसभेत सांगावे.

आणखी एक गोष्ट. ऐकण्याजोगे रेल्वेचे बोलणे दिवसेंदिवस कमीच होत जाणार आहे. दक्षिण मध्य रेल्वेवर सुमारे १४६५ किलोमीटर मार्गावर ‘कवच’ ही यंत्रणा बसविण्यात आली, तीत मनमाड–मुदखेड–धोने–गुंतकल हा मार्ग आहे. म्हणजे परभणीवरून जाणारी गाडी त्या मार्गानेच धावते. रुळांमधील स्लीपरवर बसविलेल्या खुणेच्या पट्ट्या इंजिन वाचते, स्थानकातील यंत्राशी बिनतारी बोलते आणि ड्रायव्हरने धोक्याचा सिग्नल ओलांडण्याचा संभव दिसल्यास स्वतः ब्रेक लावते. हे संभाषण आकड्यांचे आहे, ते मानवी कानांसाठी नाहीच. २०२१ मध्ये रेल्वेस नव्या पद्धतीच्या दळणवळणासाठी ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागाही देण्यात आली.

ज्या मुलास बिनतारीची खरी ओढ आहे त्याच्यासाठी सरळ वाट आहे. बारा वर्षे पूर्ण झाल्यावर केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हौशी बिनतारीचा, म्हणजे हॅमचा, परवाना मिळविता येतो. त्या परवान्यानेही रेल्वेचे बोलणे ऐकण्याची मुभा मिळत नाही. पण १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात स्वतः बोलता येते, आणि ते दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकण्यापेक्षा कितीतरी आनंदाचे आहे.

तोपर्यंत शाळेने मध्यम लहरी व एफ.एम. हे दोन पट्टे असलेला साधा संच घ्यावा. लघुलहरी असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाही. काटा फिरवून केंद्र शोधण्याचा संच मुलांस अधिक शिकवितो. आकडे दाखविणारा संच शिक्षकांस सोयीचा पडतो. वर्गात वापरावयाचा तर कर्णा मोठा पाहावा, कारण खिशातल्या संचाचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. वीज जाण्याचा अनुभव सर्वत्र आहे, म्हणून जाड्या सेलवर चालणारा संच निवडावा. आणि मुख्य म्हणजे घेण्यापूर्वी तो आपल्या गावात, शाळेच्या त्याच खोलीत, दिवसा लावून पाहावा. पत्र्याच्या छताखाली मध्यम लहरी पुष्कळदा मंद होतात, ते दुकानात कळत नाही.

या संचाच्या आत फेराइटची एक कांडी असते. संच हातात घेऊन फिरविला की एका दिशेस केंद्राचा आवाज अगदी क्षीण होतो. तेव्हा कांडीचे टोक केंद्राकडे असते. एका गावच्या मुलांनी ही रेघ तालुक्याच्या नकाशावर काढावी, दुसऱ्या गावच्या शाळेने आपली काढावी. दोन्ही रेघा वाढवीत नेल्या म्हणजे केंद्राच्या आसपास एकमेकींस छेदतात. गावात मोटारीचा स्टार्टर दाबताच मध्यम लहरींवर खरखर येते, एफ.एम.वर ती जवळजवळ येत नाही. हा भेद मुलांनी स्वतः ऐकावा. परभणीच्या मार्गांवर आता विजेच्या तारा आल्या आहेत. फलाटावर, कुंपणाच्या आत उभे राहून, मध्यम लहरींवर दोन केंद्रांच्या मधली रिकामी जागा लावून ठेवावी. विजेचे इंजिन जाताना तारेवरील ठिणग्यांची खरखर पुष्कळदा ऐकू येते. रेल्वेची म्हणून रेडिओवर ऐकण्यास मोकळी अशी वार्ता ही एवढीच.

मात्र हा प्रयोग फलाटावरच व्हावा. शेतातून रुळांजवळ जाऊन होऊ नये. ८ मे २०२० रोजी याच मार्गावर, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, पायी गावी निघालेले सोळा मजूर रुळांवर झोपले असता पहाटे मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. त्या दिवसांत नेहमीच्या प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. गाडीच्या वेळा पाठ असल्या, तरी मालगाडी कोणत्याही वेळापत्रकात सापडत नाही, हे मुलांस रुळांकडे बोट दाखवून सांगावे.

संच शिक्षकांच्या कपाटात ठेवावा, पण चावी वर्गनायकाकडेही असावी. कपाटात बंद राहिलेल्या रेडिओने कोणी शिकत नाही. रोज कोणते केंद्र किती स्पष्ट लागले आणि आकाशात ढग होते की नव्हते, याची वही मुलांनी ठेवावी. सायंकाळी दूरची केंद्रे का येऊ लागतात हा प्रश्न त्या वहीतूनच उभा राहील. मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी सेल काढून ठेवण्यास विसरू नये, कारण ते गळले म्हणजे जून महिन्यात संच उघडताना आत गंज आणि पांढरी भुकटी याखेरीज काही हाती लागत नाही.