नावेतील मोटार आणि तिची बैठक



कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या माणसाने खेळण्यातल्या नावेवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटत असेल. परंतु बिनतारी संदेशाने नाव चालवून दाखवली ती निकोला टेस्ला यांनी, १८९८ साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. तेव्हा विषय अगदीच पोरखेळ नव्हे.

आमच्या वस्तीतील एका कामगाराच्या मुलाने अशी एक नाव बांधली. तळ्यात सोडली आणि पाच मिनिटांत मोटार हात लावू देईना, ती जळाली. बापाने काटकसर करून दुसरी आणून दिली, तीही तशीच तापू लागली. ‘आपल्या हाताला यश नाही,’ म्हणून पोराने नाव माळ्यावर टाकली. मी मात्र दुकानदाराशी भांडायला निघालो. भांडणे हा आमचा धंदाच! एका जुन्या फिटरने मला अडवले. म्हणाला, ‘कॉम्रेड, भांडण उद्या करा. आधी पंखा हाताने फिरवून बघा.’

कपलिंग सोडून फिरवला, तर शाफ्ट मोकळा. जोडून फिरवला, तर दर फेऱ्यात एकाच जागी जड. मोटारीतील चुंबकांचे ठोके सारख्या अंतरावर लागतात. हा जडपणा तसा नव्हता. मोटार आणि शाफ्ट एका रेषेत नव्हते. अशा वेळी मोटार ओढ घेते, प्रवाह वाढतो, आणि प्रवाह दुप्पट झाला की वेटोळ्यातील उष्णता चौपट होते. दोष मोटारीचा नव्हता, तिच्या बैठकीचा होता.

मग ही बैठक करावी कशी? ५४० जातीची मोटार सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाची असते. तिच्या तोंडावर ३ मिलिमीटरच्या स्क्रूंची दोन भोके २५ मिलिमीटर अंतरावर असतात. २ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या अँगलला तशी भोके पाडावीत. गोल न ठेवता थोडी लांबट केली तर पुढे सरकवायला जागा राहते. स्क्रू मात्र आखूड हवेत. लांब स्क्रू आत जाऊन वेटोळ्याला घासतो.

पोराने बैठक आधी चिकटवली आणि मोटार मागून बसवली. आपण सारेच तसे करतो, आणि चूक तिथेच होते. आधी शाफ्टची नळी पक्की करावी. मग लेथवर पितळेचा एक तुकडा एका बाजूने मोटारीच्या आणि दुसऱ्या बाजूने पंख्याच्या शाफ्टच्या मापाने कोरून घ्यावा. तो दोन्ही शाफ्टवर चढवला की मोटार आपोआप रेषेत येते. आता मोटारीला बैठक जोडावी, खाली प्लायवूडचे तुकडे भरावेत, नावेचा तळ पॉलिश पेपरने खरवडून पुसावा आणि एपॉक्सीने चिकटवावे. रात्रभर हात लावू नये. सकाळी पितळ काढून कपलिंग घालावे. कपलिंग थोडा वाकडेपणा सोसते, पण त्याची किंमत प्रवाहातून वसूल करते. शाफ्टला पुढेमागे किंचित जागा ठेवावी, म्हणजे पंख्याचा रेटा नळीच्या तोंडावरील वॉशरवर पडेल, मोटारीच्या बुशवर नाही.

पोराने बैठक उपटून पुन्हा बसवली. दुसरी मोटार शाबूत होती. नाव तळ्याला तीन फेऱ्या मारून आली, तेव्हा मोटार कोमट होती. बाप काठावर उभा होता. बोलला काही नाही, पण नाव घरी स्वतः उचलून घेऊन गेला.

मित्रहो, आरोप करणे हे माझे काम आहे आणि पुढेही करीन. परंतु त्या दिवसापासून तक्रार हाती आली की मी आधी पंखा फिरवून बघतो. मग जे भांडण उरते, ते सोडत नाही.