पीएफ खात्यामागचा विमा

पगारातून पीएफ कापला जातो, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच खात्याला 1976 पासून एक आयुर्विमाही जोडलेला आहे: ईडीएलआय. त्याचा हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून एक पैसाही जात नाही. म्हणूनच कित्येक घरांना त्याचा पत्ता नसतो. नोकरीत असताना मृत्यू ओढवला, मग तो कामावर असो वा घरी, तर वारसाला जास्तीत जास्त 7 लाख रुपये मिळू शकतात. अर्ज ‘फॉर्म 5 आयएफ’वर करायचा. ग्रॅच्युइटीही मागा, तिची 5 वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत लागू नसते.

खरी अडचण नॉमिनीची. नोकरी लागताना आईचं नाव लावलेलं असतं. पुढे लग्न होतं, मुलं होतात, नोंद तशीच राहते. मग ऐन दुःखात पत्नीला कागदांसाठी खेटे घालावे लागतात. लग्नानंतर पीएफचं नामनिर्देशन नव्यानं करावंच लागतं आणि ते आता ऑनलाइन होतं.

नोकरी सुटली की कंपनीचा विमाही सहसा सुटतो, म्हणून स्वतःची पॉलिसी हवीच. पीएफचा यूएएन क्रमांक आणि पॉलिसीचे कागद कुठे आहेत, हे आज घरच्यांना सांगून ठेवा.